स्टेपनीच्या कॅरियरमधले खवले

फोन आला तेव्हा मी न्यू टाउनच्या घरी पोह्यांना फोडणी देत होते.

"बौदी, मागचं चाक पंक्चर झालंय," आमचे ड्रायव्हरदादा म्हणाले. "खिदिरपूरच्या पुलाच्या अलीकडे उभा आहे."

"मग स्टेपनी लावा ना, दादा."

"स्टेपनी उतरत नाही."

"उतरत नाही म्हणजे?"

"कॅरियर जाम झालाय. गंज चढलाय."  नुसते रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत राहिले. मी गॅस बंद केला आणि टॅक्सी बोलावली, कारण त्या ट्रकमध्ये एका कुटुंबाचा अख्खा संसार भरलेला होता आणि ते कुटुंब गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये रिकाम्या खोल्यांत बसून आमची वाट बघत होतं.

नवऱ्याच्या कंपनीने त्याला कोलकात्याला पाठवलं, त्याआधी मी नाशिकला एका छोट्या ऑफिसात काम करत होते. विम्याच्या दाव्यांची तपासणी करायची. जळालेली दुकानं, भिजलेला माल, ठोकलेल्या गाड्या. नुकसान खरोखर झालंय की केलंय, हे बघायचं. ती नोकरी सुटली, पण तिथे लागलेली सवय सुटली नाही. कुणी नको इतकं पटकन उत्तर दिलं की माझे कान टवकारतात, आणि कुणी उत्तर द्यायला वेळ लावला तरी टवकारतात. नवरा म्हणतो, तुझ्याशी बोलणाऱ्याला सुटकाच नाही.

इथे आल्यावर लक्षात आलं की बदलीवर येणाऱ्या आपल्या लोकांचे सामान हलवताना फार हाल होतात. बँकेतली, रेल्वेतली, केंद्र सरकारच्या खात्यांतली मंडळी दर काही वर्षांनी येतात, जातात, मधेच क्वार्टर बदलतात. भाषा येत नाही, हमालांशी वाजतं, लोणच्याच्या बरण्या फुटतात. म्हणून मी एक जुना ट्रक घेतला. मध्यम आकाराचा, बंद बॉडीचा, मागे दोन पल्ल्यांचं दार. त्याचा किलोमीटरचा काटा बंद होता, पण इंजिन चांगलं होतं. घेतानाच मी तो वरून-खालून तपासून घेतला होता. मागच्या बाजूला चासीखाली स्टेपनी आडवी टांगलेली असते, तो लोखंडी कॅरियरसुद्धा वाकून बघितला होता. काळ्या रंगात चकचकीत होता. या गोष्टीला जेमतेम वर्ष झालं होतं.

दादा पन्नाशीचे. डायमंड हार्बरच्याही पलीकडे, खाडीच्या काठावर त्यांचं गाव. भावाची मासेमारीची बोट होती. बोलणं कमी, गाडी चालवणं अगदी सांभाळून. मला ते बौदी म्हणायचे, म्हणजे वहिनी. आमचं बोलणं हिंदीत चालायचं, अडलं की त्यांच्या बंगालीत आणि माझ्या मोडक्या बंगालीत. इथे ते सगळं मी मराठीत लिहिते आहे.

मी पोचले तेव्हा ट्रक रस्त्याच्या कडेला कलून उभा होता. दादा मागच्या बाजूला रस्त्यावर पाठ टेकून चासीखाली शिरलेले. स्टेपनी उतरवायला मागून एक लांब दांडा घालून फिरवायचा असतो. मग वरची साखळी सैल पडते आणि टायर खाली येतो. दांडा घातलेला होता, पण तो तसूभरही हलत नव्हता. आमच्या दोन हमालांनी दांड्यावर पाइप चढवून जोर लावला. पाइप वाकला. दादांनी डिझेल ओतलं, हातोड्याने ठोकलं. ठोकलं की गंजाचे पापुद्रे खारी बिस्किटासारखे सुटून त्यांच्या छातीवर पडत होते.

मी वाकून टॉर्च मारला. साखळीच्या कड्या ओळखू येत नव्हत्या, सगळ्याचा मिळून एक तपकिरी गठ्ठा झालेला. मग सवयीने मी टॉर्च इकडेतिकडे फिरवला. पुढची चासी ठीक होती. बाजूच्या पट्ट्या ठीक होत्या. गंज होता तो फक्त मागच्या दाराच्या खाली.

"दादा, वर्षभरात एवढा गंज?"

ते खालून बाहेर आले, गमछ्याने तोंड पुसलं आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मीठ लोखंडाला खातंच, बौदी."

"कुठलं मीठ?"

"हवेतलं," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

हवेतलं मीठ फक्त मागच्याच दाराखाली येऊन बसतं का, हा प्रश्न मी गिळला. त्याच वेळी टॉर्चच्या उजेडात टायरच्या कडेला काहीतरी चमकलं. अभ्रकाचा तुकडा असावा तसं. मी बोटाने खरवडून काढलं. नखाएवढा, पातळ, कडक, पारदर्शक. माशाचा खवला होता. मी तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. मान वर केली तर दादा माझ्याकडेच बघत होते.

त्या दिवशी पलीकडच्या पंक्चरवाल्याला बोलावून फुटलेलं चाकच काढून दुरुस्त करून घेतलं आणि सामान उशिरा का होईना, गार्डन रीचला पोचलं. त्या घरच्या बाईंनी चहा केला. मी चहा पीत होते, पण लक्ष सगळं हमालांनी आत आणलेल्या गाद्यांकडे. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी एका गादीला नाक लावलं. वास होता. फार नाही, पण होता.

आणि मग मला महिन्याभरापूर्वीचा फोन आठवला. नागपूरकडचं एक कुटुंब, बँकेतले अधिकारी, घरात कांदा-लसूणसुद्धा जपून. त्यांचं सामान आम्ही अलीपूरहून न्यू टाउनला हलवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या ताईंचा फोन आला. "रागावू नका हं, पण तुमच्या गाडीतून आमचे देव आले, आणि आता देवघराला मासळीचा वास येतोय. हे म्हणतात, माझ्या मनाचे खेळ आहेत. तुम्ही येऊन बघता का?"

मी गेले. सागवानी देवघर, खाली छोटे खण. मी वास घेतला आणि म्हणाले, "ताई, इथे इमारतीत सगळीकडे मासे शिजतात. खिडकीतून येत असेल."

"खिडकी बंद आहे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "तुम्ही गाडी दुसऱ्या कुणाला देता का हो?"

"छे! माझी गाडी फक्त घरसामानाला जाते." हे मी छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि मला ते खरंच वाटत होतं. आता पर्समध्ये तो खवला होता.

रात्री जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सरळ विचार ना दादांना."

"विचारून काय होणार? नाही म्हणतील. आणि मग सावध होतील."

"पण डिझेल तर तू दर वेळेस तपासतेस."

तेच तर कोडं होतं. डिझेल कधी कमी भरलं नव्हतं. पण ज्याला गाडी परस्पर वापरायची आहे, तो डिझेल आपलंच टाकणार, एवढं मला नाशिकच्या नोकरीने शिकवलं होतं. काटा बंद. गाव खाडीकाठचं. भावाची बोट. मी एकेक गोष्ट बोलून दाखवत गेले तसा नवऱ्याचा घास हातातच राहिला. "असं मांडलंस तर कुणीही चोर दिसेल," तो म्हणाला. मला राग आला, कारण मी काही मांडत नव्हते. ते आपोआप मांडलं जात होतं.

दोन दिवसांनी ट्रक खिदिरपूरच्या एका गॅरेजमध्ये नेला. मुद्दाम मी स्वतः हजर राहिले. मिस्त्रीने तेल मारून बघितलं, तापवून बघितलं, शेवटी गॅस कटर काढला. ठिणग्या उडाल्या, साखळी तुटली आणि स्टेपनी धप्पकन खाली ठेवलेल्या जुन्या टायरवर पडली. तिच्या रिमच्या खोलगट भागात पांढरट खपली साचली होती आणि त्या खपलीत खवलेच खवले. मूठभर सहज निघाले असते. मिस्त्री हसला. "कुठला मासा खाता तुम्ही? गाडीलाही खायला घालता वाटतं!"

मी काही बोलायच्या आत दादा पुढे झाले. खांद्यावरच्या गमछ्याने त्यांनी घाईघाईने सगळं झटकून टाकलं, टायर पालथा केला आणि हळू आवाजात मला म्हणाले, "राहू द्या, बौदी. लोकांसमोर नको."

माझ्या अंगाची लाही झाली. लोकांसमोर नको म्हणे! म्हणजे माझ्याच डोळ्यांसमोर पुरावा झटकायचा आणि वर मलाच गप्प बसवायचं. तरी मी मिस्त्रीकडे वळले. त्याला नवीन कॅरियर बनवायला सांगितला, जाड पट्टीचा, रंगाचे दोन हात देऊन. जुना गंजका सांगाडा मागून घेतला. "भंगारात देणार का?" मिस्त्रीने विचारलं. मी म्हटलं, "नाही, ठेवायचाय." दादांनी तो पोत्यात घालून टॅक्सीच्या डिकीत ठेवून दिला. घरी तो आमच्या बाल्कनीत कुंड्यांच्या मागे कित्येक दिवस पडून होता. कामवाल्या मावशी त्याला वळसा घालून झाडायच्या.

पुढचे काही दिवस मी वाईट काढले. दादा फोनवर "हो बौदी" म्हणाले की मला त्यात काहीतरी लपलेलं ऐकू यायचं. त्यांनी गाडी धुवायला आणखी साबण लागेल असं सांगितलं, तेव्हा मी मनात म्हटलं, लागणारच. आधीही ते साबण, फिनेल मागायचे आणि मी न विचारता हो म्हणायचे. तेव्हा मला त्यांच्या टापटिपीचं कौतुक वाटायचं. इथल्या मराठी मंडळींचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. माझं निम्मं काम त्या ग्रुपवरच्या शब्दावर चालतं. त्यावर कुणी एक ओळ टाकली की "यांच्या ट्रकला मासळीचा वास येतो", तर संपलंच. दर वेळी फोन वाजला की मला तीच ओळ दिसायची.

गाडी उभी राहायची ती खिदिरपूरला, गोदीच्या मागच्या एका मोठ्या आवारात. आवाराचे मालक म्हातारे, पांढरा शुभ्र पायजमा-सदरा, बोलणं मधासारखं. मी त्यांना काकाबाबू म्हणायची. ते मला मा म्हणायचे. इथली वयस्कर माणसं मुलीच्या वयाच्या बाईला असंच म्हणतात. दादांना राहायला त्यांनी तिथेच मागची एक खोली दिली होती. गाड्या मागे-पुढे कराव्या लागतात म्हणून सगळ्यांच्या किल्ल्या त्यांच्या ऑफिसातल्या खिळ्यांवर टांगलेल्या असायच्या. आमच्या घरापासून आवार लांब, म्हणून मी तिथे क्वचितच जायची, आणि जायची तेव्हा कळवून.

या वेळी कळवायचं नाही असं मी ठरवलं. सोमवारी संध्याकाळी दादांना फोन केला. "उद्या काम नाही. आराम करा."

"बरं, बौदी." त्यांनी का, कसं, काहीच विचारलं नाही. तेही मला खटकलं.

मंगळवारी उजाडल्यावर मी निघाले. नवरा सोबत येतो म्हणाला, पण मी नको म्हटलं. त्याला सोबत घेतलं असतं तर त्याने सगळ्यांना आधी नमस्कार केला असता. आवाराच्या समोर चहाची टपरी आहे. तिथे मी टपरीवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो निळा बंद बॉडीचा ट्रक सकाळी कधी बाहेर पडतो?"

त्याने मला नीट निरखून घेतलं. "गाड्या काय, येतात-जातात," तो म्हणाला आणि किटली पुसायला लागला.

गेट उघडंच होतं. आत गेले. आमच्या ट्रकची जागा रिकामी होती.

काकाबाबू ऑफिसच्या पायरीशी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मला बघताच पेपर खाली आला. "मा, तू? एवढ्या सकाळी? अगं, आधी कळवायचं ना, चहा सांगितला असता."

"गाडी कुठे आहे, काकाबाबू?"

"गाडी..." त्यांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुझा ड्रायव्हर घेऊन गेला. नवीन कॅरियरचं वेल्डिंग तपासायचंय म्हणत होता. या माणसांवर फार विश्वास टाकू नये, मा. मी तुला बोलणारच होतो."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. इतके दिवस डोक्यात फिरणारी गोष्ट एकदाची जागेवर बसली होती. मी मनात पुढची वाक्यं जुळवायला लागले: दादांना काय सांगायचं, नवीन ड्रायव्हर कुठून शोधायचा.

तेवढ्यात आवाराच्या मागच्या बाजूने हापशाचा आवाज आला. आवाज थांबला, आणि ओल्या केसांनी, खांद्यावर गमछा टाकून, हातात भरलेली बादली घेऊन दादा कोपऱ्यावरून पुढे आले.

 मला बघून त्यांनी बादली खाली ठेवली.

"बौदी? आज तर काम नाही म्हणालात."

"गाडी कुठे आहे, दादा?"

त्यांनी काकाबाबूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गोंधळून म्हणाले, "मासळीला गेलीय. मंगळवार ना आज?" घरी दूध आलंय असं सांगावं तितक्या साधेपणाने.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"तुमच्या."

मला वाटलं माझ्या हिंदीत काहीतरी चुकतंय. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. "तुम्हीच तर ठरवलंय ना? मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहाटे गाडी मासळीवाल्याला द्यायची आणि तुमच्या कामाआधी परत. काकाबाबूंनी मला गाडी इथे लागली त्याच आठवड्यात सांगितलं. म्हणाले, बौदी घरात मासे शिवत नाहीत, त्यांना या गोष्टीची लाज वाटते, तू त्यांच्यासमोर विषय काढू नकोस."

काकाबाबू उठून उभे राहिले. "खोटं बोलतोय. मासळीवाला याच्याच गावचा. यानेच आणला."

दादांचा चेहरा एकदम बदलला. मी त्यांना पहिल्यांदाच चिडलेलं पाहिलं. पण ते ओरडले नाहीत. "गाडी येईल आता," एवढंच म्हणाले. "चालवणाऱ्यालाच विचारा, बौदी. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

आम्ही थांबलो. काकाबाबूंनी दोनदा कुणाला तरी फोन लावायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा मी समोर जाऊन उभी राहिले आणि त्यांनी फोन खिशात घातला. मी दादांच्या शेजारी उभी नव्हते, काकाबाबूंच्याही नाही. गेटपाशी एकटी उभी होते. दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता, आणि दोघंही खोटं बोलत असणं अशक्य नव्हतं.

मग ट्रक आला. माझा ट्रक. मागच्या दाराच्या फटीतून पाण्याची धार लागलेली होती, बर्फाचं, मिठाचं, रक्ताचं पाणी, आणि ती सरळ त्या नव्या कोऱ्या कॅरियरवर पडत होती. वास तर रस्ता ओलांडून आधीच आला होता. चालवणारा अनोळखी, दणकट, लुंगी नेसलेला. उतरून त्याने किल्ली दादांकडे दिली नाही. तो सवयीने सरळ काकाबाबूंकडे गेला आणि किल्ली पुढे केली.

मी मधे गेले. "ही गाडी तुम्हाला कोण देतं?"

त्याला मी कोण हे माहीत नव्हतं. "गाडी? यांचीच तर आहे," त्याने काकाबाबूंकडे मान वळवली. "भाडं यांनाच देतो." मग दादांकडे बघून हसला. "आणि हा रोज भांडतो माझ्याशी, नीट धुऊन दे म्हणून."

काकाबाबू खाली बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "उभीच तर असते, मा. उभ्या गाडीला गंज चढतो." हे बोलताना त्यांचा आवाज इतका मायेचा होता की त्यांना स्वतःला ते खरं वाटत असावं.

मी पोलिसांत जाईन म्हणाले. गेले नाही. त्याच सकाळी त्या माणसाच्या हातातली किल्ली घेतली आणि दादांना म्हटलं, "तुमचं सामान घ्या, गाडीत टाका." ते खोलीत गेले आणि एक पत्र्याची पेटी, स्टोव्ह आणि गादीची वळकटी घेऊन आले. बहुतेक बांधूनच ठेवलेलं असावं असं मला वाटलं, आणि मी तसं विचारलंही.

"हो," ते म्हणाले. "दुर्गापूजा झाली की सोडणार होतो."

"काय?"

"काम."

गाडी गोदीच्या रस्त्याला लागली. खिडक्या उघड्या ठेवूनही वास जात नव्हता.  मग दादाच म्हणाले, "मला वाटायचं, बौदी गिऱ्हाइकांना फसवते. देवाचं सामान त्याच गाडीतून नेते आणि वर सांगते, फक्त घरसामान. मी किती वेळा साबण मागितला. म्हटलं, एकदा तरी विचारेल, एवढा साबण कशाला? तुम्ही कधी विचारलंच नाही. म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"मला वाटलं, तुम्हाला स्वच्छतेची आवड आहे."

"आणि त्या दिवशी पुलाजवळ तुम्ही खवला उचलून पर्समध्ये लपवलात."

"लपवला नाही. ठेवला."

"मला काय कळणार? मला वाटलं, हमालांना दिसू नये म्हणून." ते थोडे थांबले. "म्हणून गॅरेजमध्ये मी झटकून टाकले. मिस्त्री हसत होता तुम्हाला."

 मग मी म्हटलं, "मला वाटत होतं, तुम्ही मला फसवताय."

"ते दिसत होतं," ते म्हणाले. त्यांनी गिअर बदलला. "काल काम नाही म्हणून फोन केलात तेव्हा मला वाटलं, आता काढून टाकणार."

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. ट्रकच्या तळाच्या फळ्या उपटून बदलाव्या लागल्या, कारण खारं पाणी लाकडात मुरलं होतं. नव्या कॅरियरला पुन्हा खरवडून रंग दिला. दादांनी गार्डन रीचला चुलतभावाच्या शेजारी खोली घेतली आणि गाडी त्या गल्लीच्या तोंडाशी, भिंत असलेल्या एका जागेत उभी राहू लागली. एक किल्ली त्यांच्याकडे, एक माझ्याकडे, तिसरी कुठेच नाही. किलोमीटरचा काटा मी दुरुस्त करून घेतला. दादा दर संध्याकाळी न मागता काट्याचा फोटो मला पाठवायला लागले. ते तो रागाने पाठवतात की नियम म्हणून, हे मला त्यांच्या फोटोंवरून कळत नसे. काही आठवड्यांनी ते आपोआप थांबलं आणि मीही आठवण केली नाही.

नागपूरच्या ताईंना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नवऱ्याला आतून हाक मारली. "अहो, ऐका, माझ्या मनाचे खेळ नव्हते." मला वाटलं होतं त्या चिडतील, पण त्या इतक्या खूश झाल्या की मला थालीपीठ खायला घालूनच सोडलं. ग्रुपवर मीच लिहिलं, काय झालं होतं आणि आता काय केलंय. एका घराने ठरलेलं काम रद्द केलं. बाकीचे टिकले.

काकाबाबूंचा फोन आला तो पूजेच्या आधी. आम्ही बेहालाच्या ट्रान्सपोर्ट गोदामाकडे जात होतो. गाडीत एका निवृत्त होऊन पुण्याला परतणाऱ्या जोडप्याचं सामान होतं, मी पुढे दादांच्या शेजारी. रस्त्यावर मांडवांचे बांबू उभे राहत होते म्हणून गाडी थांबत-थांबत चालली होती. स्क्रीनवर त्यांचं नाव बघून मी फोन उचललाच नसता, पण तो तिसऱ्यांदा वाजला.

"मा, कशी आहेस? जागा रिकामीच आहे गं. तुझी जागा. भाडं कमी करतो. झालं गेलं विसरून जा."

मी दादांकडे बघितलं. दादांनी हात पुढे केला. सिग्नल लागलेला होता. मी फोन त्यांच्याकडे दिला.

ते बंगालीत बोलायला लागले. वाटलं होतं चिडतील. पण आवाज मऊ होता, अगदी अदबीचा. बोलणं बरंच चाललं. माझं बंगाली तोपर्यंत बाजारहाटापुरतं झालं होतं. एवढ्या भरभर बोलण्यातून मला फक्त "गाडी" ऐकू आलं, "बौदी" ऐकू आलं, आणि मधे एकदा दादा हसले. मग त्यांनी फोन बंद करून परत माझ्या हातात ठेवला.

"काय म्हणाले?"

"काही नाही. पूजेच्या शुभेच्छा दिल्या."

"एवढा वेळ?"

"म्हातारा माणूस आहे, बौदी."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते समोर बघत होते. कपाळावर घाम, ओठ मिटलेले. ते नक्की काय बोलले असतील, का हसले असतील, पहाटेच्या गाडीचा विषय निघाला असेल का, असं सगळं मनात सुरू झालं. तोंडात पुढचा प्रश्न तयारही होता.

सिग्नल सुटला. मागचा बसवाला हॉर्न वाजवत होता.

"डावीकडे घ्या," मी म्हटलं, "पुढे मांडव आहे."

"बघितलाय," दादा म्हणाले, आणि त्यांनी गाडी डावीकडे घेतली.